तुपाचा दोष

आठव्या महिन्यात मुक्ताच्या यकृतात एकाएकी चरबी साठली आणि तातडीनं सिझेरियन करावं लागलं. मायलेकी कशाबशा वाचल्या. काशीतल्या साऱ्या नातलगांनी तिच्या सासूला, शरदिनीबाईंना बोल लावला, "सुनेला तुपाचे लाडू चारलेत ना, आता भोगा!"

महिन्याभरानं बाळाचे रिपोर्ट आले. "माताजी, तुपाचा काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. "बच्चीच्याच शरीराला चरबी जाळता येत नाही. पोटात असताना तो भार आईच्या यकृतावर पडला. ठरवून दिलेलं दूध वेळच्या वेळी पाजलंत तर छान वाढेल."

लांबलेल्या बारशाला शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, "पोरगीच आईच्या मुळावर आली म्हणतात. खरं का?"

शरदिनीबाईंनी नातीची कुंची सारखी केली.

"छे हो! डॉक्टरांनी साफ सांगितलं, तुपानंच झालं."