तात्यांचं बटण

"माझं बटण कुठं गेलं?" तात्या टॅबवर बोट रोखून ओरडले.

"काढून टाकलं," मी म्हणाले. "आता त्याची गरजच नाही."

तात्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून धाकटीच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, कबड्डीच्या सामन्यांना त्यांना जाता येत नव्हतं. घरी बसून ते तिच्या क्लबच्या वेबसाइटवर गुण बघायचे. वेबसाइट मीच बनवलेली. रिफ्रेशचं बटण दाबलं, की सगळं पेज पांढरं व्हायचं आणि मग सावकाश नवे गुण दिसायचे. मी खपून ते सुधारलं. आता पेज जागच्या जागी राहायचं, पडद्यामागे आपोआप माहिती यायची आणि फक्त गुणांचा आकडा बदलायचा. मी कौतुकाची वाट बघत होते.

"अगं, पण मी बटण दाबलं की तिला गुण मिळतो! इतक्या सामन्यांचा अनुभव आहे माझा."

नेमका त्याच दिवशी धाकटीचा संघ हरला. तात्या माझ्याशी बोलेनात. शेवटी मी बटण परत लावलं. दाबलं की ते छान गोल फिरायचं, बाकी काही म्हणजे काही करायचं नाही. तात्या खूश.

फायनलला गुण बरोबरीत आले. शेवटची चढाई धाकटीची, आणि नेमके तात्या बाथरूममध्ये. टॅब माझ्या हातात होता. त्या बटणाला काहीच जोडलेलं नाही, हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

"अगं, बटण दाब!" आतून आवाज आला.

मी केव्हाची दाबतच होते.