साधा ब्रॉन्कायटिस

"श्वास घ्या. आता सोडा, सावकाश."

डॉक्टरबाईंची नळी सुताराच्या पाठीवर फिरत होती. श्वास सोडताना छातीत शिट्टी वाजायची, ती त्याची त्यालाही ऐकू येत होती. बोथट रंधा गाठीवरून ओढल्यासारखी. तीन आठवडे झाले होते. आधी सर्दी, मग खोकला, मग पिवळा कफ. बायको सांगून सांगून थकली, तेव्हा कुठे हा गडी दवाखान्याची पायरी चढला होता. परवा थुंकी तपासायला दिली, काल छातीचा फोटो काढला, आणि आज निकाल.

डॉक्टरबाईंनी फोटो उजेडावर धरला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा. मला वहिनींशी बोलायचंय."

सुतार बाहेर आला आणि बाकावर मटकन बसला.

त्याला घाबरायला कारणही तसंच होतं. अकरा वर्षांपूर्वी याच बाकावर त्याचे वडील बसले होते, तेही सुतारच, आणि आत डॉक्टरबाईंशी बोलायला हा गेला होता. वडिलांच्या फुप्फुसात कॅन्सर निघाला होता. यानं हात जोडून विनवलं होतं, म्हाताऱ्याला सांगू नका, खचतील. साधा ब्रॉन्कायटिस आहे म्हणा. तो शब्दही यानं भिंतीवरच्या तक्त्यावरून उचलला होता. डॉक्टरबाईंना ते पटलं नव्हतं, पण त्या तसं म्हणाल्या. वडिलांचा विश्वास बसला. हा मेला ब्रॉन्कायटिस बरा कसा होत नाही, असं विचारत विचारत ते चार महिन्यांत गेले.

तक्ता अजून तिथंच होता, रंग तेवढा उडालेला. सुतारानं त्याच्याकडे पाठ केली.

आतून हाक आली. बायको मान खाली घालून बसली होती. त्याच्याकडे बघायलाच तयार नव्हती.

"घाबरू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "साधा ब्रॉन्कायटिस आहे."

सुतारानं टेबलाची कड घट्ट धरली. पुढचं त्याच्या कानांवर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. फोटो स्वच्छ आहे म्हणे, थुंकीतही काही नाही. सर्दीच्या विषाणूनं श्वासनळ्यांना सूज आलीय, त्यात लाकडाचा भुसा आणि धूर. शिट्टी थांबायला तोंडात ओढायचा पंप, कोमट पाणी, विश्रांती. खोकला अजून आठ-पंधरा दिवस रेंगाळेल. ताप आला, धाप लागली किंवा रक्त पडलं तर लगेच यायचं.

"इंजेक्शन?" त्यानं विचारलं.

नको, त्या म्हणाल्या. अँटिबायोटिकही नको, विषाणूवर ते चालतच नाही. झालं. सुताराची खात्री पटली. वडिलांचीही शेवटी सगळी औषधं बंद केली होती. औषधच देत नाहीत म्हणजे कारभार आटोपला.

वाटेत दोघं बोलली नाहीत. एरवी घरापर्यंत तिची टकळी बंद होत नसे.

घरी आल्यावर तो कारखान्यात शिरला. घराला लागूनच खोली होती ती. अर्धवट दार टेबलावर आडवं पडलं होतं. त्यानं वडिलांच्या लाकूड कोरायच्या पटाश्या काढल्या, एकेक पुसून ओळीनं मांडल्या आणि बायकोला बोलावून सांगायला लागला की ही रुंद माझ्या भावाला दे, ती बारीक तुझ्याकडे ठेव. ती कोमट पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी होती. तिला वाटलं, याला तापच चढलाय. तिनं कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होतं, घामानं भिजलेलं.

सुताराला एकच गोष्ट आठवत होती. डॉक्टरबाईंनी तेव्हा सांगितलं होतं, वडील मागतील ते द्या, आता कशाला नाही म्हणू नका. म्हणून शेवटच्या रविवारी यानं स्वतः सिगरेट पेटवून त्यांच्या ओठांत धरली होती.

जीव मुठीत धरून तो म्हणाला, "मला एक सिगरेट दे."

तिनं तांब्या खाली ठेवला, सरळ कोपऱ्यात गेली, खिळ्यांचा डबा उचलला आणि त्याच्या मागचं पाकीट काढलं. त्या जागेचा पत्ता आपल्याशिवाय कुणाला नाही असं तो समजत होता. पाकीट घेऊन ती त्याच्याकडे आली. एक सिगरेट बाहेर काढली. सुतारानं डोळे मिटले.

कटकन आवाज झाला. त्यानं डोळे उघडले. ती एकेक सिगरेट मोडून सरसाच्या जुन्या डब्यात टाकत होती.

"मला आत घेऊन डॉक्टरबाईंनी काय विचारलं, माहितेय? हे खरं किती ओढतात, यांच्या सांगण्यावर माझा भरवसा नाही, म्हणाल्या. परक्या बाईसमोर नवऱ्याच्या थापा मला मोजून दाखवाव्या लागल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत हात लावून तर बघा. आणि उद्यापासून तोंडाला बांधता ते फडकं चालणार नाही, पॉलिशपेपर घासताना चांगला मास्क हवा. थंडीच्या आधी फ्लूची लस. दरवर्षी."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. एक वर्ष चुकवायचं नाही."

सुतार टेबलाला टेकला. त्याला हसू आलं, हसण्यातून खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं. ती घाबरून गप्प झाली आणि पुढे होऊन त्याची पाठ चोळायला लागली.

"थांबू नकोस," तो खोकत खोकत म्हणाला. "बोल. अजून बोल."