रिसाकोची रांग

रिसाकोने आमचा गट सोडला. छे, सोडला कसला; रिसाको नावाची कुणी आमच्यात नव्हतीच, असं मॅनेजर नागुमोसान सांगतात.

ओसाकात आम्ही चौघी कोळंबीच्या वेशात गातो. रविवारी गाण्यांनंतर चाहत्यांशी हात मिळवायला बसलो, तर सगळ्यांत लांब रांग पाचव्या, रिकाम्या टेबलासमोर. लोक हवेत हात धरून हसत होते आणि ओले पंजे पुसत परतत होते.

"कुणाशी हो हात मिळवता?" मी एका काकांना विचारलं.

"जळतेस काय गं? तिची पकड बघ एकदा!"

वेशाच्या कोळंबी-मिशा सावरत मी हात पुढे केला. गार बोटांनी तो धरला.

व्यवस्थापनास नम्र विनंती: नियमानुसार प्रत्येकी दहा सेकंद असतात. आज गुरुवार असून माझा हात कोपरापर्यंत दिसेनासा झाला आहे. तरी आपल्या मते नसलेल्या सदस्येस तो सोडण्याची समज द्यावी.