ताइस्तोची हलकी गाडी

शेवटची फेरी संपली, धूळ खाली बसली आणि सगळे चालक पंचांच्या लाकडी खोलीपुढे गोळा झाले. आता चिठ्ठ्या वाचायच्या होत्या. या शर्यतीचा कायदाच तसा आहे. इथं उतरलेली प्रत्येक गाडी ठरलेल्या एकाच किमतीला विकाऊ असते. कुणी तुमच्या गाडीसाठी चिठ्ठी टाकली की गाडी त्याची, आणि नाही म्हणालात तर तुमचा परवाना गेला. त्यामुळे शहाणी माणसं गाडीवर फार जीव लावत नाहीत.

ताइस्तो तेवढा शहाणा नव्हता. सात उन्हाळे तो गाडी घेऊन येत होता आणि सात उन्हाळे त्याच्या गाडीला एकही चिठ्ठी आली नव्हती. लोक त्याला नशीबवान म्हणायचे. त्याच्या मनाला मात्र ते लागायचं. चिठ्ठी टाकणारा माणूस गाडीपाशी येतो, बॉनेट उघडायला लावतो, चार प्रश्न विचारतो. ताइस्तोला ते चार प्रश्न हवे होते. कुह्मोच्या रानात, शेवटच्या टपालपेटीच्याही पलीकडे राहणाऱ्या माणसाला एरवी कोण काय विचारणार?

म्हणून यंदाच्या हिवाळ्यात त्याने गाडीचं वजन उतरवायला घेतलं. इंजिन जुनंच, पण ओझं कमी झालं की जुनं घोडंही उधळतं. नियमात बसेल ते सगळं त्याने काढलं. हीटर काढला, दारांची अस्तरं काढली, नको असलेल्या तारा एकेक करून ओढून काढल्या. शेवटी राहिला आवाज दबावा म्हणून गाडीच्या तळाला चिकटवलेला डांबराचा थर. तो भल्याभल्यांना दाद देत नाही. ताइस्तोने पारा उणे तीसच्या खाली जायची वाट पाहिली, कोठाराची दारं सताड उघडी टाकली आणि दुसऱ्या दिवशी हातोडीने नुसतं टकटक केलं. डांबर चिक्कीसारखं तडकून निघालं. मग त्याने साखर सोडली, लोणी सोडलं आणि स्वतःचंही आठ किलो उतरवलं. गाडीत बसणारा माणूस म्हणजे तरी दुसरं काय, वजनच की!

गाडी हलकी झालीय हे आज सगळ्यांनी पाहिलं. दिवा हिरवा झाला आणि ती अशी सुटली की पहिल्या वळणावर तिच्यापुढे कुणीच नव्हतं. ताइस्तोचं आठ किलो मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही. सॉसेज विकणारी राइली त्याला वीस वर्षं ओळखते. तिनेही मान वर न करता विचारलं, "मोहरीची चटणी जास्त ना रे?"

"सत्तावन्न नंबर," पंच म्हणाला. "एक चिठ्ठी."

स्वतःचा नंबर पाठ असूनही ताइस्तोने वळून गाडीच्या दारावरचा आकडा पाहून घेतला.

चिठ्ठी इन्का नावाच्या मुलीची होती. वीस-बावीस वर्षांची, हनुवटीपर्यंत चिखल. ताइस्तोच्याच फेरीत ती तिसरी आली होती. तिच्यामागे वडील, दोन भाऊ, कॉफीचा थर्मास धरलेली मावशी आणि एक कुत्रा, असा सगळा लवाजमा.

"काका, राग नाही ना आला?"

"छे. कायदाच आहे."

"पहिल्याच वळणाला काय धूळ चारलीत हो मला! वजन काढलंय ना? आणि तळाचं डांबर कसं काढलंत? आम्ही दोन आठवडे खरवडत बसलो होतो. माझा भाऊ अजून शिव्या घालतो."

ताइस्तोने सांगायला सुरुवात केली. थंडीचं सांगितलं, हातोडी कशी धरायची ते सांगितलं, हीटरच्या जागेचं भोक कसं बुजवलं ते दाखवलं. आठवडाभरात बोलायचा नाही तेवढं तो दहा मिनिटांत बोलला. त्याचा घसा दुखायला लागला. इन्का खरंच ऐकत होती.

"एवढं सगळं? मदतीला कोण कोण होतं?"

"थंडी होती," ताइस्तो म्हणाला.

ती खळखळून हसली. तोवर भावांनी गाडी ढकलत आपल्या ट्रेलरवर चढवलीसुद्धा.

"इन्का, आटप गं!" वडील ओरडले. "घरी अंघोळीचा सॉना तापलाय, आजी खोळंबलीय."

"आले, आले!" ती निघाली आणि पुन्हा वळली. "काका, गाडीचं कुठे काही अडलं, बिघडलं, तर फोन केला तर चालेल?"

"चालेल," ताइस्तो म्हणाला. "कधीही कर." त्याने नंबर सांगितला. मग पुन्हा एकदा, एकेक आकडा सुटा करून सांगितला.

रिकामा ट्रेलर ओढत तो घरी पोचला तेव्हा ऊन अजून घरापुढच्या तळ्यावर होतं. आज त्याला खूप बरं वाटायला हवं होतं, आणि अर्ध्या वाटेपर्यंत वाटलंही. पण कोठाराचं दार उघडल्यावर आत नुसती मोकळी जागा दिसली, आणि त्याला एकदम फार एकटं वाटलं. त्याने ते दार लावून घेतलं.

बटाटे उकडून तो जेवायला बसला. फोन ताटाशेजारी ठेवला. खाता खाता तो मनातल्या मनात गाडीभोवती फिरू लागला. ब्रेकच्या नळ्या नव्या होत्या. चाकांचे नट त्याने स्वतः आवळले होते. बॅटरी मार्चमधली. पेट्रोलचा पंप बदललेला. क्लच? क्लचही बदललेला. बटाटे गार झाले. त्याने पुन्हा पुढच्या चाकापासून सुरुवात केली, सगळी गाडी नटानटाने तपासली, आणि बिघडेल असं त्याला तिच्यात काहीच सापडलं नाही.