रंग ओला

"ताई, बाहेरचा बाक आत्ताच रंगवलाय," रंगारी दारातून म्हणाला. "एक पाटी छापून द्या, नाहीतर कुणीतरी बसेल आणि शिव्या मला पडतील." तिच्यासमोर संगणकावर तिने स्वतः घडवलेला नवा फाँट उघडाच होता. तिने त्यातच मोठ्या अक्षरांत 'रंग ओला' छापून दिलं.

थोड्या वेळाने प्रकाशक आले. फाँट घ्यायचा की नाही, ते आज ठरणार होतं. जाड, अंग चोरून उभी असलेली अक्षरं. कडा खरवडलेल्या, मध्येमध्ये शाई उडालेली. जुन्या छपाईचा भास व्हावा म्हणून एकेक ओरखडा तिने हाताने काढला होता. प्रकाशकांनी नमुना जवळ धरला, लांब धरला आणि नाक मुरडलं.

"जुनेपणा खोटा वाटतो, बाई. कालचं पोर आजोबांचा कोट घालून आल्यासारखं. नाही चालणार."

ते गाडीची वाट बघायला बाहेर गेले आणि लगेच रंगाऱ्याची ओरड ऐकू आली. ती धावली. प्रकाशकांच्या पांढऱ्या पँटवर मागून हिरव्या पट्ट्या उमटल्या होत्या.

"अहो काका, एवढी मोठी पाटी लावलीय, दिसली नाही?" रंगारी विचारत होता.

"दिसली की! मी काय आंधळा आहे?" प्रकाशक कडाडले. "पण केवढी जुनी पाटी ती! मला वाटलं, रंग वाळून वर्षं झाली असतील..."

त्यांनी पुन्हा पाटीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मग साहेब," ती म्हणाली, "आजोबांचा कोट घेताय ना?"