लाल बांगडी

कल्पना करा बरं, एक बांगडी आहे. अंगात रक्त कमी असलं की ती पांढरीफटक दिसते, पुरेसं झालं की लालबुंद होते. ती लाल झाल्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत.

कस्तुरीच्या आईच्या पोटात गाठ होती. बांगडी पांढरीच राहिल्यामुळे तिचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं होतं. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं, म्हणून आई त्या चुकवायची. काल तिने हाताला साबण लावून बांगडी उतरवली आणि कस्तुरीच्या दंडात चढवली. रात्री ती लालबुंद झाल्यावर परत आपल्या हातात घातली.

“उद्या दुपारपर्यंत रंग टिकेल. कुठे बोलायचं नाही हं! आता पुन्हा तारीख नको गं बाई.”

सकाळी आईच्या हातातली लाल बांगडी बघून डॉक्टरीणबाई खूश झाल्या. “वा, सुलभाताई! लेकीने धाक दाखवला वाटतं?”

आई हसली. तिचे ओठ मात्र पांढरे होते.

कस्तुरीने हळूच विचारलं, “रक्त कमी असताना ऑपरेशन केलं तर?”

“मग थोडं रक्त गेलं तरी जिवावर बेततं. पण तू कशाला घाबरतेस? बांगडी बघ की!”

स्ट्रेचर हललं. आईने डोळे वटारले. बोलावं, तर आईचं दुखणं आणखी महिनाभर लांबणार. गप्प बसावं, तर...

कस्तुरी धावली, स्ट्रेचरचा दांडा तिने घट्ट धरला आणि बाही वर करून दंडावरचा गोल वळ दाखवला.

“डॉक्टर, ही लाली माझ्या रक्ताची आहे.”