बिनरंगी डाग

पाण्याने थंड होणारा कॉम्प्युटर रुपालीने स्वतःच्या हाताने जोडला होता. आत एक थेंब गळला तरी सगळं जळणार, म्हणून बाकी सारं बंद ठेवून ती नुसता पंप चालवून बघत होती. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर. रोज आंघोळ करून येऊन बघावं, तर कागद ओला! गळती तरी एका जागी टिकावी की नाही? आज इथे, उद्या तिथे. शिवाय नळ्यांतलं पाणी निळंशार आणि कागदावरचा डाग बिनरंगी.

आज ती आंघोळीला न जाता दाराआड थांबली. पूजा आटोपून बाबा आले, तांब्यात फूल बुडवून कॉम्प्युटरवर शिंपडू लागले.

"बाबा!"

"अगं, तीर्थ आहे. गळू नये म्हणून रोज शिंपडतो. काल तू फारच घाबरलेलीस, म्हणून आज पार आतपर्यंत."